रविवार मोजत नाहीत

त्यांचं खरं नाव मतदारयादीत असेल, पण त्या नावाने कोणी हाक मारली असती तर ते स्वतःही मागे वळले नसते. सगळे त्यांना हनुवटीमास्तर म्हणत. पासपोर्टच्या फोटोला बसलेल्या माणसाला "हनुवटी जरा खाली, नजर वर, श्वास सोडा" हे तीन हुकूम ते एका दमात सोडत. गल्लीतली पोरं त्यांची नक्कल करत, आणि मास्तर त्या पोरांनाही सांगत की नक्कल करताना हनुवटी वर जातेय.

चर्चसमोरच्या गल्लीत त्यांचा दोन खोल्यांचा स्टुडिओ होता. पुढे काउंटर, आत पांढरा पडदा, एक फिरतं स्टूल आणि छत्र्या लावलेले दोन दिवे. मागची डार्करूम आता नावालाच होती. तिथे कॉम्प्युटर आणि प्रिंटर आले होते, पण लाल बल्ब त्यांनी काढला नव्हता. धंदा बेताचा होता. मात्र एका बाबतीत मास्तरांचा हात धरणारा कोणी नव्हता. एकदा बघितलेला चेहरा ते विसरत नसत. वीस वर्षांनी दाढी वाढवून, पोट सुटून, चष्मा लावून आलेल्या माणसालाही ते विचारत, "डाव्या भुवईत खाच होती तुमच्या, ती भरली वाटतं?" बायका म्हणत, मास्तरांसमोर वय लपवण्यात अर्थ नाही, त्यांच्याकडे पुरावा असतो.

आतल्या भिंतीवर त्यांच्या लेकीचे एकतीस फोटो होते. दर वाढदिवसाला एक, त्याच स्टुलावर, त्याच पडद्यासमोर. पहिल्यात ती आईच्या हातांत होती आणि शेवटच्यात तिच्या कपाळावर एक पांढरा केस होता. लेकीला घरात माऊ म्हणत. दुकानात शिरलेल्या माणसाला पहिल्या फोटोपासून एकतिसाव्यापर्यंत फिरवून आणल्याशिवाय मास्तर सोडत नसत, त्यामुळे घाईतली माणसं सरळ पुढच्या चौकातल्या स्टुडिओत जात. मास्तरांना त्याचं काही वाटत नसे. गिऱ्हाईक नसलं की स्टूल भिंतीकडे फिरवून ते स्वतःच बघत बसत.

आता उपवासकाळाचं सांगायला हवं. राखेच्या बुधवारी चर्चला जाणारी माणसं कपाळावर राख लावून घेतात आणि ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस आवडीचं काहीतरी सोडतात. कोणी चहा सोडतं, कोणी सिनेमा, कोणी शेजाऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या. ज्याच्यासाठी सोडायचं त्याचं नाव मनात घ्यायचं. ईस्टरच्या सकाळी माणसं सोडलेल्या वस्तूवर तुटून पडतात आणि हिशेब मिटतो. मास्तरांचं तसं नव्हतं. त्यांनी सोडलेलं परत येत नसे.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा ते दहा वर्षांचे होते. वडील कारखान्यात शिडीवरून पडले होते आणि शुद्धीवर नव्हते. आईने दोन्ही मुलांना समोर बसवून सांगितलं, खरंच आवडतं तेच सोडायचं, नावडतं सोडलं तर देवापुढे उष्टं ताट ठेवल्यासारखं होतं. थोरल्या बहिणीने, म्हणजे आक्काने, जॅम सोडला. मास्तरांनी साखर सोडली. साखर म्हणजे त्यांचा जीव की प्राण, डबा उघडून बकाणा भरायची सवय होती. रविवारी आक्का खुशाल जॅम चाटत बसायची. रविवार उपवासात मोजत नाहीत, आईच तिला वाढायची. मास्तर तोंड फिरवून घ्यायचे आणि बहिणीपेक्षा आपण किती मोठे भक्त म्हणून मनातल्या मनात फुलायचे. वडील ईस्टरच्या आधी उठून बसले. ईस्टरच्या सकाळी मास्तरांनी साखरेचा बकाणा भरला आणि तोंडात वाळू आल्यासारखं झालं. तेव्हापासून त्यांना गोड लागलेलं नाही. डॉक्टरांनी जीभ बघितली, जीभ ठणठणीत होती.

पंचविशीत त्यांनी शीळ सोडली. शीळ ते फार सुरेख घालत. औषधाच्या दुकानातली एक मुलगी काही केल्या होकार देईना, म्हणून त्यांनी चाळीस दिवस ओठांना कुलूप लावलं, रविवारीही उघडलं नाही. मुलगी ईस्टरनंतर हो म्हणाली. आनंदाने शीळ घालायला गेले तर नुसती हवा आली. पुढे ती बायको झाल्यावर म्हणायची, "त्यात काय नवल? लग्न ठरलं की सगळ्यांचीच बंद होते." मास्तर हसायचे, पण कधी एकटे असले की ओठांचा चंबू करून बघायचे. तिथे काहीच नसायचं.

आणि तिसरी वेळ. माऊ अकरा वर्षांची होती आणि बायकोचं दुखणं विकोपाला गेलं होतं. राखेच्या बुधवारी मास्तर गुडघे टेकून बसले खरे, पण छाती झाली नाही. आता काय जाईल, डोळे की हात, या भीतीने त्यांनी सिगारेट सोडली. ती दोन वर्षांपूर्वीच सुटली होती. सुटलेली सिगारेट पुन्हा सोडून त्यांनी देवाच्या डोळ्यांत धूळ फेकली. ईस्टरनंतरच्या मंगळवारी बायको गेली. डॉक्टर म्हणाले, आजारच तसा होता. मास्तरांनी मान हलवली. त्यांना ते एक क्षणही पटलं नाही, आणि त्यानंतर त्यांनी उपवासकाळात नेमाच्या उपवासापलीकडे काही केलं नाही.

यंदा माऊला सातवा महिना चालू होता. आधीची दोन राहिली नव्हती. या वेळी वार गर्भाशयाच्या तोंडावर आली होती. राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी अंगावरून रक्त गेलं आणि तिला दवाखान्यात ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी जावयाला आणि मास्तरांना बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं, "ईस्टरपर्यंत ढकलायचं. तोवर पलंगावरून पाय खाली ठेवायचा नाही. मध्येच जोरात रक्त सुटलं तर मी आधी आईला वाचवायला बघेन, आणि तेही जमेलच असं नाही." जावई शाळेत गणित शिकवायचा, त्याने लगेच दिवस मोजले. मास्तरांनी काही मोजलं नाही. ते थेट पुढच्या सकाळी चर्चमधल्या मिस्सेला, सामुदायिक प्रार्थनेला गेले.

फादरांनी कपाळावर राखेचा क्रूस काढला. माती आहेस आणि मातीला मिळशील, असं पुटपुटून पुढच्या कपाळाकडे वळले. मास्तर जागेवर येऊन बसले आणि या वेळी त्यांनी फसवाफसवी केली नाही. आपल्याला सगळ्यात जास्त काय आवडतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. माऊचा चेहरा. तो बघणार नाही, ना समोर, ना फोटोत. तिला वाचव.

मिस्सेनंतर ते आक्काकडे गेले. आक्का स्टुडिओच्या वरच राहायची आणि चर्चची शिवणकामं करायची. उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यात चर्चमधले पुतळे जांभळ्या कापडाने झाकतात, ते कापड तिच्या टेबलावर पसरलेलं होतं.

"मला यातला लांबडा तुकडा दे," मास्तर म्हणाले.

"कशाला?"

"भिंत झाकायचीय."

आक्काने कात्री खाली ठेवली. भावाला ती आजची ओळखत नव्हती. "पुतळेसुद्धा महिनाभराने झाकतात. तू पहिल्याच दिवशी? काय सोडून आलास?"

त्यांनी सांगितलं. आक्काने कापड फाडून दिलं, पण त्यांच्याकडे बघितलं नाही.

माऊला त्यांनी फोनवर खोकल्याचं कारण सांगितलं. असल्या खोकल्याने बाळंतिणींच्या वॉर्डात कसं यायचं? ती म्हणाली, मग व्हिडिओ कॉल करा. मास्तर म्हणाले, माझ्या फोनला ते नाही. "फोटोवाल्या माणसाच्या फोनला कॅमेरा नाही? बाबा, निदान बरी थाप तरी मारा," ती हसून म्हणाली. तिला वाटलं, आई ज्या दवाखान्यात गेली तिथे यायला बाबांचा पाय उचलत नाही. तिने पुन्हा आग्रह केला नाही. रोज सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला ती फोन करायची, आणि मास्तर आवाजावर समाधान मानायचे.

दहाव्या दिवशी पहिला धक्का बसला. संध्याकाळी दुकान रिकामं होतं. जांभळ्या पडद्यासमोर बसून त्यांनी सवयीने डोळे मिटले आणि माऊला मनात आणलं. ती आली, पण तिला कान नव्हते. आता कान कोण लक्षात ठेवतं, असं तुम्ही आम्ही म्हणू. मास्तर तसं म्हणणारे नव्हते. त्यांना गावभराचे कान पाठ होते. घाम पुसत ते कान आठवत राहिले आणि तेवढ्यात जावयाचा फोन आला. रक्त सकाळपासून कमी आहे, डॉक्टरीणबाई खूश आहेत.

मग ते रोजचंच झालं. भुवया गेल्या त्या दिवशी प्रेशर उतरलं. ओठांची ठेवण पुसट झाली त्या दिवशी बाळाची वाढ नीट असल्याचं कळलं. पूर्वी डार्करूममध्ये लाल उजेडात कोऱ्या कागदावर चेहरा हळूहळू वर यायचा. आता तोच खेळ उलटा चालला होता, एकेक रेघ परत पाण्यात जात होती. बाकीचे चेहरे जागच्या जागी होते. दूधवाला, पोस्टमन, शाळेतल्या शंभर पोरांचे ओळखपत्राचे फोटो, सगळे लख्ख. फक्त ती एक जात होती. मास्तर घाबरले, आणि खरं सांगायचं तर त्यांना बरंही वाटलं. देणं पोचत होतं याची ती पावती होती.

दर शुक्रवारी दुपारी चर्चमध्ये क्रुसाची वाट चालतात. भिंतीवर चौदा चित्रं आहेत, प्रत्येकासमोर थांबून प्रार्थना म्हणायची. सहाव्या चित्रात एक बाई प्रभूचा घामाने आणि रक्ताने माखलेला चेहरा पुसते आणि फडक्यावर त्याचा चेहरा उमटतो. मास्तरांना ते चित्र कधीच आवडलं नव्हतं. उजेड डावीकडून येतोय आणि सावलीही डावीकडेच, चित्रकाराला स्टुडिओत चार दिवस झाडू मारायला ठेवला पाहिजे, असं ते म्हणायचे. चौथ्या शुक्रवारी ते सहाव्या चित्रासमोर गर्दीत उभे होते. त्यांनी मान वर केली. फडक्यावर माऊ होती.

ओझरती नव्हे, ढगात आकार दिसतो तशीही नव्हे. कानांसकट, भुवयांसकट, कपाळावरच्या पांढऱ्या केसासकट ती तिथे होती आणि सरळ त्यांच्याकडे बघत होती, हनुवटी जरा खाली, नजर वर. मास्तरांनी झटकन डोळे मिटले. बघायचं नाही असं कबूल केलं होतं. सगळी माणसं सातव्या चित्राकडे सरकली तरी ते तिथेच डोळे मिटून उभे राहिले, शेवटी आक्काने दंडाला धरून पुढे नेलं.

"फडक्यावर कोणाचा चेहरा आहे?" त्यांनी बाहेर आल्यावर विचारलं.

"कोणाचा असणार? प्रभूचा."

"नीट बघितलंस?"

"चाळीस वर्षं बघतेय," आक्का म्हणाली. मग तिने त्यांचा चेहरा बघितला आणि तिचा आवाज उतरला. "तू रविवारी काय करतोस?"

"म्हणजे?"

"रविवारी बघतोस का तिला?"

"नाही. कधीच नाही."

आक्का चर्चच्या पायरीवरच बसली. "अरे वेड्या. आई काय सांगायची ते तू ऐकलंच नाहीस कधी. चाळीस दिवस म्हणतात ते रविवार सोडून. बुधवारपासून मोजून बघ, रविवार धरले तर सेहेचाळीस होतात. रविवारी सोडलेलं थोडं परत घ्यायचं असतं. चिमूटभर का होईना. म्हणजे ते घरची वाट विसरत नाही. मी जॅम चाटायचे ते काय हावरटपणा म्हणून? आई स्वतः द्यायची, तुलाही द्यायची. तूच शहाणा, तोंड फिरवून बसायचास."

मास्तरांना पन्नास वर्षांपूर्वीचा तो चमचा आठवला. आईने त्यांच्या तोंडासमोर धरलेला, साखरेने भरलेला. त्यांनी मान झटकली होती आणि साखर फरशीवर सांडली होती. आईने रागावण्याऐवजी त्यांच्याकडे फार विचित्र नजरेने बघितलं होतं, काहीतरी हातातून निसटल्यासारखं. त्या नजरेचा अर्थ लागायला एवढी वर्षं गेली.

ते फादरांना भेटले. फादर वयाने माऊएवढेच होते, त्यांचा पासपोर्टचा फोटो मास्तरांनीच काढला होता. "रविवार मोजत नाहीत हे खरंच आहे," फादर म्हणाले. "आणि मास्तर, लेक आजारी असताना तिला न भेटणं हा कसला त्याग? त्यापेक्षा जेवण सोडा. येत्या रविवारी जा आणि तिला पोटभर बघून या. देव असा काही टपून बसलेला नसतो." मास्तर हो म्हणाले. फादरांना साखरेचं आणि शिळेचं त्यांनी सांगितलं नाही. पोरगेला माणूस, रात्री झोपला नसता.

तो चौथा रविवार होता. उपवासकाळातला हा रविवार आनंदाचा मानतात, फादरसुद्धा जांभळ्याऐवजी गुलाबी झगा घालतात. मास्तर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. बसमध्ये त्यांना गुदगुल्या होत होत्या. कान, भुवया, ओठ, सगळं आज एका नजरेत परत मिळणार होतं. दवाखान्याचा जिना चढून ते लांबलचक व्हरांड्यात आले. फरशी नुकतीच पुसलेली होती आणि फिनेलचा वास येत होता. टोकाला वॉर्डचं दार होतं, त्याला ताटलीएवढी गोल काच. मास्तर दारापर्यंत पोचले. काचेतून डोकावायला फक्त टाचा उचलायच्या होत्या.

आतून माऊचं हसणं ऐकू आलं. ती कोणाला तरी काहीतरी सांगत होती आणि स्वतःच्याच विनोदावर आधी हसत होती, ही तिची लहानपणापासूनची खोड.

तेवढ्यात दार उघडून नर्स बाहेर आली. मास्तरांनी चटकन भिंतीकडे तोंड केलं आणि लेक कशी आहे एवढंच विचारलं. "तुम्ही वडील ना? आवाजावरून ओळखलं, फोनवर बोलतो आपण. या ना आत," ती म्हणाली. "आज पहिल्यांदाच कपडा कोरडा आहे हो. एक थेंबसुद्धा नाही. हे असंच राहिलं तर सुटलो म्हणायचं."

हे असंच राहिलं तर. मास्तर दाराच्या मुठीवर हात ठेवून उभे राहिले. रविवार मोजत नाहीत, असं आई म्हणाली होती, आक्का म्हणाली होती, फादर म्हणाले होते. पण साखर सोडली तेव्हा त्यांनी रविवार पाळले होते आणि वडील उठले होते. शीळ सोडली तेव्हा पाळले होते आणि होकार आला होता. सिगारेटच्या वेळी सगळंच खोटं होतं आणि बायको गेली होती. आत जाऊन बघितलं आणि काही झालं नाही तर दोन्ही मिळतील, माऊही आणि तिचा चेहराही. आणि झालं तर? दाराच्या अलीकडे राहिलं तर एकच मिळेल, पण ते नक्की मिळेल. जुगार खेळायला पणाला स्वतःचं काहीतरी लागतं. इथे जीव तिचा होता.

"आत जाताय ना?" नर्सने विचारलं.

"खोकला आहे मला," मास्तर म्हणाले. त्यांनी मूठ सोडली, आणि व्हरांड्यातून परत येताना लेकीचं हसणं जिन्यापर्यंत त्यांच्यासोबत आलं. बसमध्ये ते रडले. शेजारच्या बाईने त्यांना खिडकीजवळची जागा दिली.

पाचव्या आठवड्यात आक्काने चर्चमधले पुतळे झाकले. त्यानंतर सगळीकडे जांभळी गाठोडी उभी होती आणि त्यांच्यामधून चालताना मास्तरांना वाटायचं, आतून कोणीतरी वळून बघतंय. मनातल्या माऊचा आता फक्त केसांचा भांग उरला होता. मग तोही गेला. तिच्या खांद्यांवर एक गुळगुळीत, फिकट जागा होती, आणि त्या जागेतून रोज दहाला आणि पाचला आवाज येत होता, "बाबा, जेवलात का?"

पवित्र गुरुवारी दुपारी रक्त सुटलं आणि माऊला ऑपरेशनसाठी आत नेलं. चर्चच्या घंटा त्या दिवसापासून ईस्टरपर्यंत वाजत नाहीत, त्याऐवजी लाकडी टाळ्या खडखडवतात. मास्तर स्टुडिओचं शटर अर्धं ओढून बसले आणि तो कोरडा खडखडाट ऐकत राहिले. त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. गुड फ्रायडेला दुपारी तीन वाजता, प्रभूने प्राण सोडला त्या घटकेला, सगळी माणसं चर्चमध्ये गुडघ्यांवर असताना मास्तरांच्या खिशात फोन थरथरला. बाहेर येऊन त्यांनी घेतला. जावयाला नीट बोलता येत नव्हतं. सात बाटल्या रक्त लागलं. रात्रभर कोणी काही सांगत नव्हतं. आता तिने डोळे उघडलेत. मुलगी झाली, तीही चांगली आहे.

मास्तर चर्चमध्ये परतले आणि सहाव्या चित्रासमोर जाऊन त्यांनी धीर करून मान वर केली. फडक्यावर प्रभूचा चेहरा होता, चुकीच्या उजेडात काढलेला, नेहमीचा. माऊ तिथून गेली होती.

ईस्टरच्या सकाळी घंटा वाजल्या. मास्तरांनी स्टुडिओ उघडला, दिवे लावले आणि जांभळं कापड ओढलं. भिंतीवर एका अनोळखी बाईचे एकतीस फोटो होते.

त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. पहिल्या फोटोतली बायको त्यांनी ओळखली, तिचे कान, तिची खाच पडलेली हनुवटी, सगळं जसंच्या तसं. तिच्या हातातलं बाळ कोणाचं ते कळेना. सातव्या फोटोतला पिवळा फ्रॉक त्यांनी स्वतः घेतला होता. बाराव्या फोटोत डोळे सुजलेले होते, आई गेल्यानंतरचा तो पहिला वाढदिवस, तोही त्यांना घड्याळातल्या वेळेसकट आठवत होता. स्टूल त्यांचं, पडदा त्यांचा, उजेडही त्यांचाच. फ्रॉकच्या वर एक मुलगी होती, चांगली होती, पुढच्या फोटोंत मोठी होत गेली होती. रस्त्यात भेटली असती तर मास्तरांनी तिला वाट दिली असती आणि पुढे गेले असते. एका फोटोवरून नजर काढून दुसऱ्यावर नेली की पहिला चेहरा पुन्हा पुसला जाई. त्यांनी चार वेळा बघितलं. मग कॅमेरा गळ्यात अडकवला, फुलं घेतली आणि दवाखान्यात गेले.

या वेळी ते आत शिरले. वॉर्डात सहा पलंग होते. सहा बायका, सहा पाळणे, सगळ्यांच्या अंगात दवाखान्याचे सारखेच झगे. जावई औषधं आणायला खाली गेला होता. पलंगाचा नंबर मास्तरांनी विचारलाच नव्हता, बापाला नंबर कशाला लागतो? ते दारात उभे राहिले. त्यांनी डावीकडून उजवीकडे सहाही चेहरे बघितले, मग उजवीकडून डावीकडे. दोघी झोपल्या होत्या. चौघी त्यांच्याकडे बघत होत्या, आणि त्यांतल्या दोघी हसल्या, कारण म्हाताऱ्या माणसाने फुलं घेऊन उभं राहणं कोणालाही बरं वाटतं. मास्तरही हसले, सगळ्यांकडे सारखंच.

"बाबा," खिडकीकडची बाई म्हणाली. "कुठे बघताय? इकडे."

आवाज माऊचा होता. मास्तर त्या आवाजाच्या रोखाने चालत गेले आणि त्या बाईच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. केस त्यांच्या हाताने ओळखले. ती रडायला लागली, मग हसली, मग म्हणाली, "सेहेचाळीस दिवस तोंड नाही दाखवलंत. आता आलात तर असं बघताय, जसं काही आपली ओळखच नाही."

"किती वाळलीस," मास्तर म्हणाले. वाळली होती की नाही ते त्यांना ठाऊक नव्हतं.

तिने पाळण्यातलं बाळ त्यांच्या हातात दिलं. "सगळे म्हणतात, माझंच तोंड आहे. तुम्ही सांगा. तुमचा शब्द शेवटचा."

सगळा वॉर्ड कान देऊन होता. गावातल्या कुठल्याही चेहऱ्याचा निवाडा मास्तरांकडेच यायचा. त्यांनी बाळाकडे बघितलं. दुमडलेल्या पापण्या, दाण्याएवढं नाक, उजव्या कानाची पाळी जराशी आत वळलेली. हा चेहरा त्यांना दिसला आणि दिसून राहिला, नजर काढली तरी राहिला. मग त्यांनी त्या बाईकडे बघितलं आणि पुन्हा बाळाकडे, जशी माणसं ताडून बघतात तशी.

"अगदी तूच," ते म्हणाले. "रेघेरेघेत तूच आहेस."

त्याला आता सहा वर्षं झाली. माऊचा बत्तिसावा वाढदिवस झाला, तेहेतिसावा झाला, फोटो दरवर्षी निघतो. मास्तर हनुवटी खाली घ्यायला सांगतात आणि बटण दाबतात. खरं काय ते एकट्या आक्काला माहीत आहे. तिने एकदा विचारलं होतं, पुन्हा तो रविवार आला तर दार उघडशील का? मास्तर म्हणाले, नाही. मग म्हणाले, "रोज तिला पहिल्यांदाच बघतो, आक्का. रोज वाटतं, किती गोड दिसते ही बाई, कोणाची लेक असेल?"

लेकीच्या घरी ते दर रविवारी जेवायला जातात. दार उघडंच असतं, आत माऊ असते, तिची नणंद असते, शेजारणी असतात. मास्तर उंबरठ्यावर थांबतात. चपला काढल्यासारखं करतात, रुमालाने कपाळ पुसतात, आत यायचं नाव घेत नाहीत. नणंद म्हणते, म्हातारा भारी मानाचा आहे, बोलावल्याशिवाय पाऊल टाकत नाही. मग आतून कोणीतरी "बाबा, या ना" म्हणतं, आणि मास्तर त्या आवाजाकडे जातात.